आर्सेनिक तपासणीचा क्षेत्रीय संच: नदियात एक हिवाळा वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्यात पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात, चाकदहच्या आसपासच्या गावांत, एका स्थानिक स्वयंसेवी गटाबरोबर हातपंपांच्या पाण्यातील आर्सेनिक तपासण्याचे काम करण्याचा योग आला. त्यासाठी पुण्याहून मागवलेला शंभर चाचण्यांचा संच मी सुमारे दोन महिने रोज वापरला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारातील बहुतेक संच एकाच रासायनिक क्रियेवर चालतात आणि पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या बऱ्याचशा त्या क्रियेच्याच आहेत. मी भूजलाचे काम करणारा माणूस आहे, रसायनशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे हे परीक्षण प्रयोगशाळेतल्या टेबलावरून नव्हे, तर हातपंपाच्या ओट्यावर उकिडवे बसून केलेले आहे, असे समजावे.

संचाची पेटी टिफिनच्या डब्याएवढी आहे. आत दोन बाटल्या, तीन प्रकारच्या भुकटीच्या पुड्या, मोजायचे चिमुकले चमचे, कागदी पट्ट्यांची कुपी आणि रंगतक्ता. बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे. पहिली भुकटी पाण्यातील हायड्रोजन सल्फाइड निष्प्रभ करते, कारण तो वायू शिल्लक राहिला तर पट्टीवर खोटा रंग उमटतो. मग आम्लाची भुकटी आणि शेवटी जस्ताची. जस्त आणि आम्ल यांच्या संयोगाने हायड्रोजन सुटू लागतो, पाण्यातील आर्सेनिकचे रूपांतर आर्सिन या वायूत होते आणि तो वायू झाकणात अडकवलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीवर पोहोचला की पांढरी पट्टी आधी पिवळी, मग नारिंगी आणि आर्सेनिक फारच असेल तर तपकिरी होते. तक्त्यावर शून्य, १०, २५, ५०, १००, २५० आणि ५०० असे टप्पे आहेत. आकडे एक लिटर पाण्यातल्या मायक्रोग्रॅमचे. ही कल्पना नवी नाही. विषप्रयोगाच्या खटल्यांत आर्सेनिक पकडता यावे म्हणून इंग्लंडमध्ये जेम्स मार्श याने १८३६ मध्ये आर्सिन वायूवर आधारित चाचणी प्रसिद्ध केली होती, आणि कागदी पट्टीची पद्धत हे तिचेच पुढे गुटझाइट याच्या नावाने रूढ झालेले सोपे रूप आहे. खुनी शोधण्यासाठी काढलेली युक्ती आज गावच्या पंपाला लावली जाते, कारण इथे विष कोणी घातलेले नाही. ते जमिनीतच आहे.

संच विकत घ्यावा की नाही हे ठरवण्याआधी ते जमिनीत कसे आले आणि पाण्यात कसे उतरते हे नीट समजून घ्यावे लागते, कारण संचाचे गुणदोष त्याच प्रक्रियेशी बांधलेले आहेत. हिमालयातले खडक झिजून गंगा आणि ब्रह्मपुत्रेबरोबर जो गाळ खाली येतो, त्याच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, सोप्या शब्दांत गंजाचा, पातळ लेप असतो आणि त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेले असते. त्याचे प्रमाण ऐकून कोणी दचकणार नाही: एक किलो गाळात काही मिलिग्रॅम, क्वचित दहा-पंधराच्या वर, जगातल्या कितीतरी सामान्य मातीत एवढे असते. पण जमिनीखाली एक लिटर पाणी ज्या वाळूच्या फटींत साठते ती वाळू सहा-सात किलो भरते. किलोमागे पाच मिलिग्रॅम धरले तर त्या लिटरभर पाण्याभोवती तीसेक मिलिग्रॅम आर्सेनिक बसलेले आहे, आणि त्यातला शंभरावा भाग जरी सुटला तरी पाण्यात ३०० मायक्रोग्रॅम उतरतात. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे. म्हणून ‘आमच्या मातीत तर काही विशेष सापडले नाही’ या अहवालावर विसंबून पाणी पिणे धोक्याचे असते.

तो भाग सुटतो कसा, यावर नव्वदच्या दशकात बराच वाद झाला. सिंचनासाठी बेसुमार उपसा झाल्याने भूजलाची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि पायराइट या गंधकयुक्त खनिजाचे ऑक्सिडीकरण होऊन आर्सेनिक बाहेर पडले, असे आधी मानले जात होते. ते खरे असते तर आर्सेनिकयुक्त पाण्यात सल्फेट भरपूर आढळले असते. आढळले उलटेच: सल्फेट कमी, विरघळलेले लोह आणि बायकार्बोनेट जास्त, आणि ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. म्हणजे हवा शिरल्याने नव्हे, तर हवा न मिळाल्याने हे घडते. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत साचलेल्या गाळाबरोबर कुजके गवत, पाने, दलदलीतला पीट असे सेंद्रिय द्रव्यही गाडले गेले. जिवाणू ते खातात आणि ऑक्सिजन संपला की लोहाच्या त्या गंजावर ‘श्वास’ घेतात. गंज विरघळतो आणि त्याच्या अंगावर बसलेले आर्सेनिक निराधार होते. पश्चिम बंगालमधूनच घेतलेल्या गाळावर प्रयोग करून लोह क्षपण करणाऱ्या, म्हणजे असा गंज विरघळवणाऱ्या, जिवाणूंची ही भूमिका २००४ मध्ये दाखवण्यात आली. शिवाय अशा वातावरणात आर्सेनिक ज्या आर्सेनाइट रूपात येते, त्यावर सामान्य पाण्यात विद्युतभार नसतो, त्यामुळे ते कणांना पुन्हा सहज चिकटत नाही आणि पाण्याबरोबर वाहू लागते.

या सगळ्याचा संचाशी पहिला संबंध असा, की नदिया हा जुन्या वळणांचा जिल्हा आहे. नद्यांनी सोडून दिलेली पात्रे इथे बाओर आणि बील या नावांनी जागोजाग दिसतात. एका घराखाली जुन्या पात्राची स्वच्छ वाळू असते, तर शंभर पावलांवर दलदलीचा काळा, सेंद्रिय थर. साहजिकच शेजारशेजारच्या दोन पंपांचे पाणी वेगळे निघते. एका अंगणातल्या पंपाची पट्टी पांढरीच राहिली आणि रस्त्यापलीकडच्या पंपाची भडक नारिंगी झाली, तेव्हा पलीकडच्या काकीमांना वाटले की माझ्या पेटीतच काही घोटाळा आहे. त्यांनी ‘पुन्हा कर, बाबा’ म्हणून दुसऱ्यांदा चाचणी करायला लावली. दुसऱ्यांदाही तेच आले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: दोन्ही पंप एकाच मिस्त्रीने, एकाच वर्षी घातले, मग असे कसे? या प्रश्नाचे उत्तर जमिनीखालच्या त्या दोन वेगळ्या थरांत आहे. आणि म्हणूनच अशा प्रदेशात गावातल्या दोन-चार नमुन्यांची प्रयोगशाळेतली अचूक तपासणी प्रत्येक पंपाच्या ढोबळ तपासणीपेक्षा कमी उपयोगी ठरते. संचाच्या बाजूने माझे सर्वांत मोठे मत हेच. बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे पन्नास लाख पंप अशाच संचांनी तपासून लाल किंवा हिरवे रंगवले गेले आणि त्यांतले साधारण चौदा लाख लाल निघाले. एवढे काम कोणत्याही प्रयोगशाळेला त्या काळात झेपले नसते.

दुसरा संबंध मला चुकीतून कळला. पहिल्या आठवड्यात आम्ही सकाळी दहा-बारा पंपांचे नमुने प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून आणत होतो आणि दुपारी एका शाळेच्या व्हरांड्यात बसून एकामागून एक चाचण्या करत होतो. आकडे सुखावह येत होते. मग बाटल्यांच्या तळाशी तांबूस साका दिसला आणि चूक ध्यानात आली: हवा लागताच पाण्यातले लोह पुन्हा गंज होऊन खाली बसते आणि खाली जाताना आर्सेनिकही बरोबर घेऊन जाते. वरचे निवळलेले पाणी बाटलीत ओतले की पट्टी फिकी येणारच. जमिनीखाली ज्या गंजाने आर्सेनिक सोडले तोच गंज वर आल्यावर ते परत पकडतो. त्यानंतर प्रत्येक चाचणी पंपाच्या ओट्यावरच, थोडे पाणी उपसून टाकून, लगेच केली आणि आधीच्या गावांतले पंप पुन्हा तपासले. काही ‘चांगले’ पंप दुसऱ्या फेरीत चांगले राहिले नाहीत. संचाच्या पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही, ही माझ्या दृष्टीने संचाची सर्वांत गंभीर उणीव आहे. पट्टीचा दर्जा किंवा चमच्याची मापे यांपेक्षा या एका वाक्याच्या अभावाने अधिक नुकसान होईल.

याच गुणावर पाणी शुद्ध करण्याच्या कित्येक पद्धती उभ्या आहेत. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेली, लोखंडी खिळ्यांच्या गंजावर आर्सेनिक धरून ठेवणारी गाळणी बंगाल-बिहारकडील काही गावांत बसवली गेली आहे. बांगलादेशातील सोनो गाळणीतही लोखंडाचेच मिश्रण असते आणि तिच्या कर्त्याला, अबुल हुसाम यांना, २००७ मध्ये दहा लाख डॉलरचे ग्रेन्जर पारितोषिक मिळाले. गाळणीच्या आधी आणि नंतर पाणी तपासायला हा संच उत्तम आहे. पण तिथेही एक सावधगिरी लागते, ती अचूकतेविषयीची.

अचूकतेविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. बांगलादेशातील आडाईहाजार भागात त्या काळी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संचाची ७९९ पंपांवर प्रयोगशाळेशी तुलना झाली होती. बांगलादेशाच्या ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर की खाली, एवढेच विचारले तर संचाने ८८ टक्के पंपांबद्दल बरोबर उत्तर दिले. चुका मुख्यतः ५० ते १०० या टप्प्यात होत्या आणि त्या कमी दाखवण्याच्या होत्या, म्हणजे घातक बाजूच्या. क्रियेला २० ऐवजी ४० मिनिटे दिली की त्या टाळता येतात, असेही त्या अभ्यासात आढळले. माझ्या संचाची पुस्तिकाही २० मिनिटेच सांगते. जानेवारीच्या धुकट सकाळी पाणी गार असताना २० मिनिटांची पट्टी आणि ४० मिनिटांची पट्टी यांत तक्त्यावरचा पूर्ण एक टप्पा फरक पडलेला मी पाहिला, म्हणून पुढे सगळीकडे ४० मिनिटेच धरली. दोनच बाटल्या असल्याने एका तासाला दोन-तीनच पंप उरकतात. जादा बाटल्या वेगळ्या विकत मिळतात, त्या घ्याव्यातच.

खरी अडचण १० च्या आकड्यापाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये मर्यादा ५० वरून १० वर आणली. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही १० हाच आकडा आहे. पर्यायी स्रोत नसेल तर ५० पर्यंत चालवून घेण्याची जी सवलत २०१२ च्या मानकात होती ती पुढे काढण्यात आली. बांगलादेशाची मर्यादा अजून ५० आहे. संचाची पट्टी मात्र अजूनही जणू ५० च्या जगात वावरते. शून्य आणि १० यांतील फरक पांढरा आणि किंचित हस्तिदंती एवढाच असतो. मी, गटातील एक तरुण आणि शाळेतले एक शिक्षक, असे तिघे एकच पट्टी पाहून तीन वेगळे आकडे सांगत होतो. उन्हात पट्टी वाचू नये, कारण ती लवकर रंग बदलते. पिवळ्या बल्बखाली तर मुळीच वाचू नये. माझा नियम असा झाला की पट्टी निःसंशय गडद असेल तर पंप नापास, निःसंशय पांढरी असेल तर तात्पुरता पास, आणि जिथे तिघांचे एकमत होत नाही तो नमुना आम्ल घालून प्रयोगशाळेत. नमुन्यात आम्ल घातले की लोह खाली बसत नाही आणि वर सांगितलेली चूक होत नाही. गाळणीतून निघालेले पाणी १० च्या आत आले की नाही हे केवळ पट्टीवरून ठरवू नये; ‘गाळणी चालू आहे’ आणि ‘गाळणी बंद पडली आहे’ एवढाच भेद ती भरवशाने दाखवते.

सुरक्षेचा भाग थोडक्यात. आर्सिन विषारी आहे आणि हायड्रोजन पेट घेणारा. प्रमाण अल्प असले तरी चाचणी उघड्यावर करावी आणि बघ्यांपैकी कोणी विडी ओढत असेल तर त्याला नम्रपणे दूर बसवावे. वापरलेल्या पट्ट्यांत पारा असतो. त्या झाकणाच्या बरणीत साठवून परत आणाव्यात, असे पुस्तिकेने सांगायला हवे होते. त्याऐवजी ‘योग्य विल्हेवाट लावावी’ एवढे लिहून तिने हात झटकले आहेत. गावात योग्य विल्हेवाट म्हणजे पुकुर, अर्थात घरामागचे तळे.

पुरवठादाराबद्दल तक्रार आहे, ती नाव न घेता नोंदवतो. पहिल्या खेपेच्या जस्ताच्या पुड्या दमट होऊन गठ्ठा झालेल्या होत्या आणि त्यांनी बुडबुडेच येत नव्हते. बुडबुडे नाहीत म्हणजे वायू नाही, आणि वायू नाही म्हणजे पट्टी पांढरी. नवख्या माणसाने ते पाणी शुद्ध समजून हिरवा रंग लावला असता. म्हणून रोज पहिली चाचणी आर्सेनिक असल्याची खात्री असलेल्या एका पंपावर करायची आणि पट्टी रंगली तरच पुढे जायचे, अशी शिस्त आम्ही लावली. पुड्या बदलून मिळाल्या, पण तीन आठवडे आणि असंख्य फोन यांनंतर. पुस्तिकेचे हिंदी इतके यांत्रिक आहे की इंग्रजी मजकूर समोर धरल्याशिवाय अर्थ लागत नाही; बांगला तर नाहीच, आणि हा संच सर्वांत जास्त कुठे लागतो हे उत्पादकाला ठाऊक नसेल असे वाटत नाही.

पट्टी रंगल्यावर काय, याचे उत्तर संच देत नाही आणि ती त्याची जबाबदारीही नाही; पण विकत घेणाऱ्याने ते आधी ठरवून ठेवावे. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये आर्सेनिकच्या बाधेने तळहातांवर आणि अंगावर चट्टे आलेले जे रुग्ण ओळखले, त्यांनाही आधी पर्याय हवा होता. जुलाबांपासून वाचवण्यासाठीच तर सत्तरच्या दशकात तळ्याच्या पाण्याऐवजी हातपंपांचा प्रसार झाला होता, तेव्हा पुन्हा तळ्याकडे जा असे सांगणे क्रूर ठरेल. बहुतेक वेळा सर्वांत जवळचा उपाय म्हणजे शेजारचा पांढऱ्या पट्टीचा पंप. त्यासाठी शेजारणींचे संबंध बरे असावे लागतात. दुसरा उपाय खोल जाण्याचा. बांगलादेशाच्या २००१ च्या राष्ट्रीय पाहणीत उथळ पंपांपैकी सुमारे २७ टक्के ५० च्या वर होते, तर १५० मीटरपेक्षा खोल पंपांपैकी जेमतेम एक टक्का. विंधन घेणारे अनुभवी मिस्त्री वाळूचा रंग पाहून बोलतात: करडी वाळू लागली तर पाणी संशयास्पद, तांबूस-पिवळी लागली तर बरे. त्यात तथ्य आहे, कारण तांबूस रंग म्हणजे जुन्या, हिमयुगाच्या काळातल्या गाळावर गंजाचा लेप अजून शाबूत असल्याची खूण, आणि करडा म्हणजे तो लेप विरघळल्याची.

मात्र तांबूस वाळूतले पाणी कायमचे सुरक्षित असे धरून एकदाच तपासणी करू नये. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या व्हान फुक गावात शहराच्या मोठ्या उपशामुळे आर्सेनिकयुक्त पाणी नव्या गाळातून जुन्या गाळात ओढले गेले आणि साधारण पन्नास वर्षांत आर्सेनिक सव्वाशे मीटरच्या आसपास आत सरकले. पाणी त्याच्या सोळा ते वीस पट वेगाने पुढे गेले होते. वाळूवरच्या गंजाने आर्सेनिकला वाटेत थोपवून धरले म्हणून ते मागे राहिले. म्हणजे आर्सेनिक येते, पण रेंगाळत येते, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी त्याच पंपावर पुन्हा पट्टी लावणाऱ्याला ते येताना दिसू शकते. यासाठी पेटी गावातच राहायला हवी, आमच्यासारख्या पाहुण्यांबरोबर परत जाता कामा नये.

महाराष्ट्रातून काही जणांनी हा संच घरच्या बोअरसाठी घ्यावा का असे विचारले. बहुतेकांना माझे उत्तर नाही असे आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतले पाणी हे वेगळे प्रकरण आहे; तिथे गंगेसारखा सेंद्रिय द्रव्य गाडलेला जाड, नवा गाळ नाही. यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या काही गावांत पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी फ्लोराइडच्या तपासणीवर खर्चावेत. पूर्व विदर्भाच्या सीमेपलीकडची गोष्ट मात्र निराळी. छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावाच्या परिसरात, आर्सेनिक गाळातून नव्हे तर डोंगरगड पट्ट्यातल्या प्राचीन ज्वालामुखी खडकांतून आणि त्यांच्या झिजेतून पाण्यात येते. त्या बाजूला लागून असलेल्या आपल्याकडच्या गावांत काम करणाऱ्यांनी एक पेटी जवळ ठेवायला हरकत नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन गुण देतो. पुस्तिका नीट लिहिली असती तर चार दिले असते. या वर्षी पुन्हा मागणी नोंदवताना शंभर चाचण्यांच्या दोन पेट्यांऐवजी एकच पेटी, सहा जादा बाटल्या आणि जस्ताच्या पुड्यांसाठी हवाबंद बरणी अशी नोंदवली आहे. पुस्तिकेच्या जागी गटातल्या त्या शिक्षकांनी एका पानावर बांगलात लिहिलेल्या सूचना चिकटवायच्या आहेत, आणि त्यांतली पहिली सूचना, नमुना भरून नेऊ नका, पंपाशीच बसा, ही आहे.